तत्रैव

वाक्य असं होतं:
"माग थांबले त्या रात्री पाचपावलीत कुणालाच झोप लागली नाही."
पृष्ठ एकशे बारा, टीप सातवी.
माझं दुसरं प्रकरण मी त्यानेच सुरू केलं,
कारण इतकं चांगलं वाक्य
आकडेवारीच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

वैरागडे सरांनी समासात पेन्सिलीने विचारलं:
हे म्हणालं कोण?

टीप सातवीने बोट दाखवलं एका स्मरणिकेकडे.
स्मरणिका इतवारीत मिळाली, रद्दीच्या भावात,
निम्म्या जाहिराती: शालू, सुती धागा, एक होमिओपॅथ.
आत तेच वाक्य. खाली, 'एका सर्वेक्षणातून साभार'.

सर्वेक्षण विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरात,
सायक्लोस्टाइलची शाई जांभळी होऊन
पुढच्या पानावर उतरलेली.
मे महिना. कूलरमध्ये पाणी नव्हतं.
ग्रंथपाल बाई ओल्या टॉवेलखालून म्हणाल्या,
पंचवीस वर्षांत हे मागणारी तूच पहिली.

एक पुस्तक दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं,
दुसरं तिसऱ्याच्या,
आणि सगळ्यांच्या मागे, पेन्सिलीने:
कौतिकाबाई, गल्ली नं. ३, तोंडी.

तोंडी.
या शब्दाला पान नाही, प्रकाशक नाही,
दुसरी आवृत्ती तर नाहीच.

गल्लीत एकच माग उरला होता, त्यात मांजर व्यायलेली.
पानठेल्यावाल्याने सुनेचा नंबर दिला,
सुनेने वाठोड्याचा पत्ता.
म्हातारी संत्र्याच्या साली वाळत घालत होती.
मी वाक्य वाचून दाखवलं,
जरा भावनेनेच वाचलं.

"म्या असं नाई म्हनलं.
झोप नाई लागली म्हनलं, ते बरोबर.
ढेकनं होते माय, खाटेत!
माग बंद, तं रातपाळीचे सारे घरीच,
मानसं आठ अन् खाटा तीन.
तो चष्मेवाला पोरगा भराभरा लिहे.
ढेकनं लिहिले नाईत वाट्टे त्यानं."

अर्ध्या शतकाचं जागरण,
तीन विद्वानांचं, आणि चौथी मी.
रात्री मलाही झोप लागली नाही.

सर म्हणाले, मजकुरात वाक्य राहू दे,
ढेकणं तळटीपेत घाल.
घातली. आठ पॉइंटमध्ये,
खालच्या बारीक फटीत,
जिथे ती तशीही राहतातच.

संदर्भसूचीत आडनाव आधी, मग स्वल्पविराम:
'नागपूर नगरपालिका, वार्षिक अहवाल'
आणि 'नेरकर, डॉ. शां. वि.' यांच्या मधोमध
'निनावे, कौतिका'.
सरांनी पुन्हा पेन्सिल उचलली:
निनावी संदर्भ चालत नाही.
सर, आडनाव आहे ते, मी म्हटलं.
कोष्ट्यांत असतं.
ते हसले नाहीत. खोडलं फक्त,
आणि रबराचे कण फुंकरीने माझ्याकडे ढकलले.

पदवी मिळाली. बुल्डीतून बाइंडिंग करून आणलं,
मरून रेक्झीन, कण्यावर सोनेरी अक्षरं,
माझ्या नावातला एक रफार गळालेला.
एक प्रत वाठोड्याला नेली.

ती चौथी शिकलेली. भिंग मागवलं,
मुखपृष्ठ उलटून सरळ खाली गेली,
तळटीपांत, बोट ठेवत ठेवत.
"निनावे, कौतिका. हाव.
अन् हा कोन?
माह्या खाली तीन डाव याचंच नाव.
तत्रैव. कोनाचा होय हा तत्रैव?
आपल्यातलाच का?"

म्हटलं, आजी, ते नाव नाही.
त्याचा अर्थ, तिथेच.
पुढचं बोलणंही तिथलंच, असं सांगायचं असतं.

"तिथंच?"
भिंग पदराने पुसलं, पुन्हा वाचलं, मान हलवली.
"तिथं तं मी नाई आता.
घर इकलं ना पोरानं.
नवा पत्ता टाक बाप्पा,
नाईतं कोनी मले पाचपावलीतच हुडकत बसन."

सुनेच्या मुलाचं दप्तर जवळच पडलं होतं.
त्यातली पेन्सिल घेतली, टोक मोडकं,
आणि समासात लिहिलं:
वाठोडा, पाण्याच्या टाकीमागे,
दुपारी दोननंतर.